गव्हाणीत उरलेला कडबा काय सांगतो?

वाचकांचे प्रश्न : गोठा आणि आहार

गेल्या काही आठवड्यांत आलेली बरीचशी पत्रे एकाच दुखण्याभोवती फिरतात. गाय चारा निवडून खाते, खुराक, म्हणजे धान्याचा भरडा आणि पेंड, चाटूनपुसून घेते, कडब्याचे धांडे मागे ठेवते आणि तिकडे दूध संकलन केंद्रावर फॅट खाली येते. त्यामुळे या वेळचे सगळे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या मुक्तसंचार गोठ्यात १८ संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत, सरासरी २२ लिटर. प्रत्येक गाईमागे दिवसाला २२ किलो मक्याचा मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा), ३ किलो कडबा कुट्टी आणि १० किलो खुराक फावड्याने एकत्र करून सकाळी एकदाच टाकतो. आहार बरोबर आहे असे डॉक्टर सांगतात. तरी फॅट ३.० च्या खाली जाते, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मात्र ८.५ ला टिकून आहे. काही गाईंचे शेण पातळ, काहींचे घट्ट. गव्हाणीत रोज धांडे उरतात, ते भाकड गाईंना टाकतो. चूक कुठे होते आहे?
— एक वाचक, ता. राहाता, जि. अहिल्यानगर

उत्तर : कागदावर आहार ठीक आहे. शरीरासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो हा ठोकताळा धरला, तर २२ लिटरला १० किलो खुराक येतोच. पण तुमच्या गाई तो आहार तसा खात नाहीत. भाकड गाईंकडे जाणारे ते धांडे दुभत्या गाईंच्या वाट्याचे आहेत.

हिशेब करून पाहू. मुरघासात कोरडा भाग साधारण ३० टक्के, कडब्यात आणि खुराकात ९० टक्के धरा. मुरघासातून ६.६ किलो, कडब्यातून २.७ किलो, खुराकातून ९ किलो, असे एकूण १८.३ किलो शुष्क पदार्थ होतात. त्यात खुराकाचा वाटा ४९ टक्के. आता गाईमागे २ किलो कडबा रोज उरत असेल, तर पोटात १६.५ किलोच जातात आणि खुराकाचा वाटा ५५ टक्क्यांवर चढतो. शिवाय ही झाली सरासरी. तुमच्याकडे दिवसातून एकदाच चारा पडतो. दांडग्या गाई पुढे घुसतात आणि पहिल्या दोन तासांत तोंडाने मिश्रण बाजूला सारून तळाचा भरडा वेचतात. त्यांच्या पोटात त्या वेळी ६०–६५ टक्के खुराक गेला तरी नवल नाही. मागून येणाऱ्या गरीब गाईंना धांडे आणि उरलासुरला मुरघास मिळतो. एकाच गोठ्यात काहींचे शेण पातळ आणि काहींचे घट्ट का, याचे कारण हेच. सगळ्या गाईंचे शेण सारखेच पातळ असते, तर आधी आहाराच्या सूत्रावर संशय घेतला असता.

फॅटचा धागा इथेच जोडलेला आहे. कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, लांब तंतूंचा एक तरंगता थर असतो. तो थर असला की रवंथ होतो, रवंथ झाला की लाळ सुटते. दुभती गाय दिवसाला १०० लिटरपेक्षा जास्त लाळ तयार करते आणि तेवढ्या लाळेत सुमारे एक किलो खाण्याच्या सोड्याइतकी आम्ल मारण्याची ताकद असते. धांडे मागे राहिले की रवंथ कमी, लाळ कमी. वरून भरड्यातला स्टार्च झपाट्याने आंबतो. कोठीपोटाचा सामू (पीएच) ५.८ च्या खाली जाऊन तासन् तास तिथेच राहिला, की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. दुधातल्या फॅटचा मोठा भाग ज्या ॲसिटिक आम्लापासून बनतो, ते हेच जिवाणू तयार करतात. त्यात भर म्हणजे आम्लतेत तेलाचे पचन वाकड्या वाटेने होते. त्यातून निघालेली काही स्निग्धाम्ले कासेत पोहोचून फॅट बनण्याची क्रियाच दाबून टाकतात. स्टार्चमधून ऊर्जा मिळत राहते, म्हणून एसएनएफ आणि लिटर टिकतात. दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्यामुळे फॅट घसरल्याचा फटका तेवढा थेट बसतो.

आधी तीन दिवस उरलेली वैरण वजन करा. गाईमागे खरोखर दीड-दोन किलो उरत असेल, तर कडबा ३ वरून २ किलोवर आणा, पण तो नीट कापलेला, ओलावलेला आणि शेवटच्या काडीपर्यंत खाल्ला जाणारा असू द्या. उरणाऱ्या ३ किलोपेक्षा संपणारे २ किलो केव्हाही चांगले. सोबत खुराकही किलोभर कमी करून मुरघास ३–४ किलोने वाढवा. चारा एकाऐवजी दोन वेळा टाका. मधल्या वेळात किमान चार-पाच वेळा गव्हाणीतला चारा उलटापालटा करून गाईंकडे सरकवा. गव्हाणीवर गाईमागे ६० ते ७५ सेंटिमीटर जागा आहे का, तेही मोजा. जागा अपुरी असेल तर बाकीचे सगळे उपाय अर्धेच लागू पडतात, कारण निवडण्याची घाई दाटीतूनच येते. फॅटवर परिणाम दिसायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून उपाय सोडू नका.

प्रश्न : निवडून खातात हे डोळ्यांना दिसते, पण किती हे कसे मोजायचे? त्यासाठी चाळण्यांचा डबा मिळतो म्हणतात, तो घ्यावा का?
— एक वाचक, ता. इंदापूर, जि. पुणे

उत्तर : तुम्ही म्हणता तो डबा अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने १९९६ मध्ये पुढे आणला. वरची चाळणी १९ मिलिमीटरची, मधली ८ ची, तिसरी ४ ची आणि खाली बंद तळाचा डबा. ताज्या मिश्रणाचा साधारण दीड लिटर मापाचा नमुना वरच्या चाळणीत टाकायचा. डबा सपाट फरशीवर ठेवून एका दिशेने पाच वेळा पुढे-मागे सरकवायचा, मग पाव वळसा द्यायचा, पुन्हा पाच वेळा. अशा आठ फेऱ्या, म्हणजे एकूण ४० हिसके. हिसका साधारण वीतभराचा, १७ सेंटिमीटरचा, आणि वेग सेकंदाला एक किंवा किंचित जास्त. उचलून वरखाली हलवायचे नाही. तसे केले की लांब काड्या उभ्या होऊन भोकांतून खाली घसरतात आणि आकडा खोटा येतो. नमुना वाळवायचाही नाही, गाय जसा खाते तसाच घ्यायचा.

दुभत्या गाईंच्या एकत्रित आहारात वरच्या चाळणीवर २ ते ८ टक्के, मधलीवर ३० ते ५०, तिसरीवर १० ते २० आणि तळाच्या डब्यात ३० ते ४० टक्के वजन अपेक्षित असते. आपल्याकडच्या कडबा घातलेल्या मिश्रणात वरचा आकडा सहज १५–२० निघतो. त्यावर ‘तंतू भरपूर आहे’ असे समाधान करून घेऊ नका. ज्या काड्या वर अडकतात, त्याच गाय मागे टाकते.

निवड मोजण्यासाठी तीच चाचणी उरलेल्या वैरणीवर करा. उदाहरणादाखल आकडे घेऊ. गाईमागे ४० किलो मिश्रण टाकले, ३ किलो उरले. ताज्या मिश्रणात वरच्या चाळणीवर ८ टक्के होते, उरलेल्यात ३१ टक्के. गाईने मिश्रण जसेच्या तसे खाल्ले असते, तर ३७ किलोच्या ८ टक्के म्हणजे २.९६ किलो लांब काड्या पोटात गेल्या असत्या. प्रत्यक्षात गेल्या ३.२० वजा ०.९३, म्हणजे २.२७ किलो. २.२७ ला २.९६ ने भागून शंभराने गुणले की ७७ येतात. शंभराच्या खाली म्हणजे गाय तो भाग टाळते, वर म्हणजे ओढीने खाते. तळाच्या डब्याचा आकडा याच रीतीने काढला तर तो शंभराच्या थोडाच वर दिसेल, कारण तो भाग मुळात मोठा आहे. त्याने फसू नका. वरच्या चाळणीचा आकडाच बोलका असतो. रोजचा इतका हिशेब जमत नसेल, तर ताज्या आणि उरलेल्या मिश्रणात कोणत्याही चाळणीवर पाच टक्क्यांहून जास्त तफावत आली, की निवड होते आहे एवढे समजा.

एकच नमुना दिवसअखेरीस घेऊ नका. चारा टाकल्यावर लगेच, दोन तासांनी, सहा तासांनी आणि शेवटी, असे चार नमुने गव्हाणीच्या तीन-चार ठिकाणांहून मूठमूठ उचलून घ्या. पुष्कळदा शेवटी सगळे संपलेले असते आणि मालक म्हणतो, गाई निवडत नाहीत. पण दोन तासांच्या नमुन्यात तळाचा भाग निम्म्यावर आलेला असतो. सकाळी नुसता भरडा आणि दुपारी नुसते धांडे पोटात गेले, तर दिवसाची बेरीज बरोबर असूनही कोठीपोटाला त्याचा उपयोग नाही.

डबा विकत घ्यावा का, तर १५–२० गाईंच्या पुढे गोठा असेल तर जरूर घ्यावा. किंवा चार-पाच शेजाऱ्यांत मिळून एक. तोवर वाळू चाळायच्या दोन वेगळ्या भोकांच्या चाळण्यांवरही काम भागते. मूळ डब्यात चाळणीच्या तबकाची जाडीही ठरलेली असते, त्यामुळे तारेच्या जाळीवरचे तुमचे आकडे वर दिलेल्या टक्क्यांशी जुळणार नाहीत. पण तीच जाळी, तेच हिसके ठेवून ताजे आणि उरलेले यांची तुलना केली, तर निवडीचा अंदाज नक्की येतो.

प्रश्न : मिश्रणावर पाणी मारावे की गुळवणी? किती? उन्हाळ्यात मारले तर चारा आंबत नाही का? आम्ही गोळी पेंड वापरतो.
— एक वाचक, ता. अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : पाणी मारायचे ते भरडा काडीला चिकटावा म्हणून. कोरड्या मिश्रणात पीठ तळाला बसते आणि गाय जिभेने ते गोळा करते. एकत्रित आहारात शुष्क पदार्थ ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असला की मिश्रण धरून राहते. राहात्याच्या वाचकाच्या आहाराचे उदाहरण घेतले, तर ३५ किलो मिश्रणात १८.३ किलो शुष्क पदार्थ, म्हणजे ५२ टक्के. ते ४५ वर आणायला १८.३ भागिले ०.४५, म्हणजे साधारण ४०.७ किलो वजन हवे. गाईमागे साडेपाच-सहा लिटर पाणी झाले. पण तुमच्या आहारात २०–२५ किलो हिरवा नेपियर किंवा कोवळा मका असेल, तर मिश्रण आधीच ओले आहे. तिथे पाण्याने काही साधणार नाही.

पाणी कशावर पडते याला महत्त्व आहे. हाताने मिसळणाऱ्यांनी आधी कोब्यावर कडबा कुट्टी पसरावी, त्यावर पाणी शिंपडून पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे, मग त्यावर भरडा भुरभुरावा, सगळ्यात वर मुरघास, आणि फावड्याने तीनदा पूर्ण पालटावे. कोरड्या कडब्यावर भरडा टाकून नंतर पाणी मारले, तर पिठाचे गोळे होतात. गाई ते गोळे शोधून खातात.

गोळी पेंडीची अडचण वेगळी आहे. गोळी काडीला चिकटतच नाही. गाय ओठांनी एकेक गोळी वेचते आणि मिश्रण करण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. एकत्रित आहारात वापरायची असेल, तर गोळी दीडपट पाण्यात तासभर भिजवून तिचा लगदा करा, आपण आंबोण करतो तसे. किंवा त्याच सूत्राचे भरड स्वरूपातले पशुखाद्य मागवा. सरकी पेंडीचे खडेही फोडून, भिजवूनच घ्यावेत.

गुळवणी किंवा मळी पाण्यापेक्षा जास्त चिकट, आणि गोडीमुळे कडबाही आवडीने खाल्ला जातो. गाईमागे अर्धा किलोपर्यंत गूळ किंवा मळी, तिप्पट-चौपट पाण्यात विरघळवून, दोन वेळच्या मिश्रणात विभागून द्यावी. ती जास्तीची साखर आहे हे ध्यानात ठेवून तेवढाच मका भरडा कमी करा. नाहीतर ज्या आम्लतेपासून गाय वाचवायची, तिच्यातच भर पडेल.

उन्हाळ्याची तुमची शंका रास्त आहे. बीडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ओले मिश्रण चार-पाच तासांत तापते, वास बदलतो आणि गाई ओला भाग बाजूला सारून अधिकच निवडू लागतात. त्या दिवसांत पाणी प्रत्येक वेळच्या मिश्रणापुरतेच मारा. दिवसाच्या आहाराचा साठ टक्के भाग सायंकाळी सहानंतर टाका, आणि दुपारी गव्हाणीत हात खुपसून पाहा. हाताला ऊब लागली की तो चारा काढून टाका. ताज्या चाऱ्यात तो मिसळू नका.

प्रश्न : धांडे उरतात म्हणून कडबा भरडून पिठासारखा केला तर? आमच्याकडे दोन पात्यांचे कुट्टी यंत्र आहे.
— एक वाचक, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर

उत्तर : भरडू नका. निवड थांबेल, पण जो तंतू रवंथासाठी हवा तोच संपेल. कडब्याचे पीठ कोठीपोटात थर न धरता पुढे सरकते, आणि निवडून खाणाऱ्या गाईला जी आम्लता होते, तीच न निवडणाऱ्या गाईलाही होते. मालदांडी ज्वारीचा उत्तम कडबा हाताशी असताना त्याचे पीठ करणे म्हणजे त्यातला सगळ्यात कामाचा गुण फुकट घालवणे आहे.

लांबी किती, याला एक साधे माप आहे. पाच सेंटिमीटरपेक्षा लांब काडी गाय तोंडाने सहज वेगळी करते. एकत्रित आहारासाठी कडबा अडीच ते साडेतीन सेंटिमीटर असावा. एक सेंटिमीटरच्या खाली नेऊ नये. मुरघास दीड ते दोन सेंटिमीटर. पुष्कळ ठिकाणी मुरघास आठ-दहा मिलिमीटरचा कापलेला असतो, तो दाबायला बरा जातो, पण मग आहारातला सगळा लांब तंतू एकट्या कडब्यावर येऊन पडतो. तिथे थोडा जरी कडबा उरला तरी फॅट लगेच खाली येते.

दोन पात्यांच्या यंत्रात काडीची लांबी दोन गोष्टींवर ठरते : पेंढी आत ओढणाऱ्या रुळांचा वेग आणि चाकावरची पाती. गिअर बदलण्याची सोय असेल तर वेग तिथून ठरवा. नसेल तर एक पाते काढले की काडीची लांबी दुप्पट होते. ते काढताना चाकाचा तोल बिघडतो, म्हणून समोरासमोरची पातीच काढता येतील अशा यंत्रातच हे करावे. दोन पात्यांच्या यंत्रात मुळीच करू नये. तुमच्यासाठी गिअरच बरा. पाते आणि पट्टी यांतले अंतर वाढले किंवा धार गेली, की धांडा कापला जाण्याऐवजी चेचतो आणि पाल्याच्या वीतभर लांब चिंध्या निघतात. कुट्टीची मूठ उघडून पाहिली की हे कळते. चिंध्या दिसल्या की धार लावा. पाती बदलताना वीज बंद करून मगच हात घाला.

एवढे करूनही काही धांडे उरतातच. ते बहुधा बुडख्याकडचे, जाड, पेरांचे तुकडे असतात. पेंढीचा बुडखा वीतभर तोडून वेगळा ठेवला, तर उरणारी वैरण एकदम कमी होते. आणि कडबा रात्री पाणी शिंपडून गोणपाटाखाली ठेवला, की सकाळी पेर मऊ पडते. एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नका, बुरशी धरते.

टीएमआर वॅगन, म्हणजे सगळा आहार एकत्र मिसळणारे यंत्र, वापरणाऱ्यांनी नेमकी उलटी काळजी घ्यायची. शेवटचा घटक टाकल्यावर तीन ते पाच मिनिटे पुरतात. पुढे फिरवत राहिले, तर आतल्या सुऱ्या कडब्याचे पीठ करतात. आणि वॅगन काठोकाठ भरली, तर मधला भाग फिरतच नाही.

प्रश्न : आमच्या चार गाई दावणीला असतात. धार काढताना आंबोण, नंतर वैरण. सध्या उसाचे वाढे आहेत. एकत्र करतच नाही, मग निवडून खाण्याचा हा प्रश्न आम्हाला लागू होतो का?
— एक वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

उत्तर : निवड तुम्हीच गाईच्या वतीने करून देता. सकाळी चार-पाच किलो आंबोण रिकाम्या पोटी एकदम गेले, तर कोठीपोटात तेच घडते जे निवडून खाणाऱ्या गाईत घडते. चार गाईंसाठी यंत्रे नकोत, क्रम बदला. धारेच्या अर्धा-पाऊण तास आधी वैरण टाका, निदान तीन-चार किलो तरी पोटात जाऊ द्या. एका वेळी दोन-अडीच किलोपेक्षा जास्त आंबोण नको. आठ किलो द्यायचे असेल तर दोन धारांच्या वेळी दोन-दोन किलो, आणि उरलेले दुपारी व रात्री कापलेल्या वैरणीवर कालवून.

वाढे अखंड टाकले की गाई शेंड्याचा कोवळा पाला ओढतात आणि कांड्याकडचा भाग तुडवतात. अडीच-तीन सेंटिमीटरची कुट्टी करा. वाढ्यांत ऑक्झलेट असते, ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून गाळप हंगामात कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण खंड न पाडता द्या. वाढे एकटे कधीच पुरेसे नाहीत. त्यात प्रथिने फार कमी. सोबत लसूण घास हवाच.

प्रश्न : सोडा देऊन फॅट वाढते, मग कडब्याची कटकट कशाला? रोज १०० ग्रॅम देतो.
— एक वाचक, ता. फलटण, जि. सातारा

उत्तर : २० लिटरच्या गाईला १५० ग्रॅमच्या आसपास सोडा खुराकात मिसळून देणे चुकीचे नाही, विशेषतः उन्हाळ्यात आणि ताज्या व्यालेल्या गाईंना. पण रवंथ करणारी गाय स्वतःच्या लाळेतून त्याच्या कित्येक पट आम्ल मारते. १०० ग्रॅम सोड्याने फॅट वर आले, याचा अर्थ कोठीपोट आम्लतेच्या काठावर होते. दुपारी गाई निवांत बसलेल्या असताना मोजा. खात नसलेल्या, बसलेल्या दहांपैकी किमान पाच-सहा गाई रवंथ करत असाव्यात, आणि एका घासाला ५५ ते ६५ चर्वणे व्हावीत. यापेक्षा कमी भरले तर सोड्याची मात्रा वाढवण्याआधी कुट्टीची लांबी आणि उरलेली वैरण तपासा. आम्लतेतून येणारी खुरांची दुखणी सोड्याने टळतील अशा भरवशावरही राहू नका.

सोबत पाठवलेल्या नोंदीत तुम्ही दररोज ३ किलो सरकी देता असे दिसते. एवढे तेलही फॅट खाली ओढते. ती दीड किलोपर्यंत आणा.

प्रश्न : जनावराला आपल्याला काय हवे ते कळते, निसर्गतःच ते निवडून खाते. मग त्याच्या निवडीला आपण चूक का म्हणावे?
— एक वाचक, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : यात तथ्य आहे, म्हणून नीट उत्तर द्यायला हवे. कोठीपोट आम्ल झालेल्या गाई लांब तंतूकडे वळतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे. आम्लता झालेल्या गाईसमोर सुके गवत आणि गोळी खाद्य ठेवले, तर तिचा कल गवताकडे वाढतो. म्हणजे शरीर इशारा देते. पण तो इशारा आम्लता झाल्यावर येतो. निरोगी गाय समोरच्या मिश्रणातून जे चवदार आणि पटकन गिळता येते ते आधी उचलते. रानात चरताना ही आवड तिच्या भल्याचीच ठरे, कारण रानात कोवळी पाने आणि शेंडे म्हणजेच उत्तम अन्न, आणि तेही तंतूसकट. दहा किलो दळलेले धान्य आणि पेंड एका जागी रचलेली तिला रानात कधी भेटली नाही.

म्हणून मुक्त गोठ्यात एका कोपऱ्यात सुक्या वैरणीची वेगळी गव्हाण ठेवणे चांगले. गाईमागे अर्धा-एक किलो भाताचा पेंढा किंवा गवत तिथे असले, की गरज पडेल ती गाय तिकडे जाते. तेवढ्यावर सगळा भार टाकू नका. दाटीत मागे पडणाऱ्या गाई तिथेही मागेच राहतात.

एका बाबतीत मात्र गाईची निवड डोळे झाकून माना. मुरघासाचा काळपट, लोण्यासारखा चिकट किंवा पांढऱ्या बुरशीचा भाग, पावसात भिजून कुबट झालेला पेंढा, असे काही ती बाजूला सारत असेल, तर ते गुळवणी किंवा मीठ मारून तिच्या गळी उतरवू नका. कोकणातल्या पावसाळ्यात हे वारंवार घडते. उरलेल्या वैरणीचा वास घ्या. स्वच्छ, लांब, जाड काड्या उरल्या असतील तर कापण्यात आणि मिसळण्यात दोष आहे. कुबट, चिकट ढेकळे उरली असतील तर दोष साठवणुकीत आहे.

प्रश्न : गव्हाणीत किती उरू द्यावे? उरलेले कोणाला घालावे?
— एक वाचक, ता. पाथरी, जि. परभणी

उत्तर : दुभत्या गाईंच्या गव्हाणीत टाकलेल्या वजनाच्या ३ ते ५ टक्के उरावे, आणि ते दिसायला ताज्या मिश्रणासारखे असावे. ४० किलो टाकले तर सव्वा ते दोन किलो. गव्हाण चाटून साफ दिसली की पुष्कळांना बरे वाटते, पण चार-पाच तास रिकाम्या राहिलेल्या गव्हाणीवर पुढचा चारा पडला, की गाई तुटून पडतात आणि खुराक आधी फस्त करतात. दहा टक्क्यांहून जास्त उरत असेल, तर तेवढी सूट मिळाल्यामुळे गाई अधिकच चोखंदळ होतात. अशा वेळी चारा थोडा थोडा कमी करा.

गुरांनी टाकलेले हे चघळ भाकड गाईंना किंवा वर्षावरच्या कालवडींना द्यायला हरकत नाही, ते त्याच दिवशीचे आणि न तापलेले असेल तर. त्यात बहुतेक काडीच असते, हे धरून त्यांचा खुराक वेगळा मोजा. व्यायला तीन आठवडे राहिलेल्या गाईंना ते घालू नका, त्यांना मोजलेला, ताजा आहारच द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांनाही नको. त्यांची कोठीपोटे अजून घडत असतात, आणि मोठ्या गाईंच्या लाळेतून, शेणाने माखलेल्या काड्यांतून जंत व रोग त्यांच्याकडे जातात. गव्हाणीच्या कोपऱ्यात साचलेला थर रोज खरवडून उकिरड्यावर टाका. त्याचा वास ताज्या चाऱ्याला लागला, की गाई त्या कोपऱ्याकडे तोंड घालत नाहीत आणि तेवढी जागा प्रत्यक्षात कमी होते.